आधी चोक आत ढकला, मग बोला

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. जुन्या पेट्रोल गाड्या सगळ्या उचला आणि भंगारात घाला, नुसता धूर ओकतात, मुंबईची हवा यांनीच नासवली, असं साधारण. वाचून आधी डोकं फिरलं. मग चहा झाल्यावर वाटलं की माणूस अगदीच खोटं बोलत नाहीये, कारण दोन महिन्यांपूर्वीपर्यंत आमची स्वतःची गाडी नेमकं तेच करत होती आणि मीसुद्धा मान खाली घालून "आता वय झालं तिचं" असंच बोलत फिरत होतो. पत्र जरा लांबलंय. कात्री लावा, हरकत नाय, पण चोकच्या तारेचा भाग तेवढा कापू नका, सगळी गोम तिथेच आहे.

आमची गाडी म्हंजे पुढून जीप आणि मागे हौदा, १९६४ ची, पिकअपच म्हणा. वडलांचा लालबागला मंडप डेकोरेशनचा धंदा होता, बांबू, कनाती, लोखंडी खुर्च्या, सुतळीची बंडलं असा सगळा माल हिनेच वाहिला. धंदा बंद होऊन जमाना झाला पण गाडी काय काढवत नाय. आता दसऱ्याला झेंडूचं तोरण घालून एक फेरी मारते आणि घरात लग्न असलं की रुखवत घेऊन जाते. या जातीच्या जीप चाळीसच्या दशकाच्या शेवटी आपल्या माझगावातच जोडायला सुरुवात झाली, म्हंजे आमच्या चाळीपासून किती लांब, आणि त्याच्याही आधी १९२८ ला शिवडीला जनरल मोटर्सने गाड्या जोडायचा कारखाना टाकला होता, त्यामुळे मोटारी म्हटलं की पुण्याच्या आधी आमचा गिरणगाव, हे आपलं जाता जाता सांगितलं. इंजिन हरिकेन, चार सिलिंडर, २२०० सीसी, आणि त्यावर एकाच तोंडाचा कार्टर कंपनीचा कार्बोरेटर, म्हंजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारं भांडं. चोक अर्थातच हाताचा. डॅशबोर्डवर नॉब, नॉबमागे तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला कार्बोरेटर. बस, एवढीच यंत्रणा.

आता ज्यांनी आयुष्यात चोक ओढलेला नाय त्यांच्यासाठी, आणि हल्ली असेच जास्त आहेत. पेट्रोल पातळ असतं तेव्हा पेटत नाय, त्याची वाफ पेटते. इंजिन गरम असलं की वाफ आपोआप होते आणि मग एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, वजनाने, असा हिशोब बसतो. पण सकाळी इंजिन थंड असतं, निम्मं पेट्रोल थेंब थेंब होऊन पाइपाच्या भिंतींनाच चिकटून राहतं, आत सिलिंडरपर्यंत पोचतो तो नुसता वारा. मग काय करायचं, तर पेट्रोलच जास्त सोडायचं म्हंजे त्यातलं थोडं तरी वाफ होऊन पेटेल. त्यासाठी कार्बोरेटरच्या वरच्या तोंडात एक गोल चकती असते, दांडीवर फिरणारी. चोक ओढला की ती आडवी होऊन तोंड बंद करते, हवेची वाट अडते, इंजिन खालून ओढतच असतं, त्याला हवा मिळत नाय म्हटल्यावर ते पेट्रोल ओढतं. तहानलेल्याने स्ट्रॉ तोंडात धरावी तसं. इंजिन जरा गरम झालं की चोक आत ढकलायचा, चकती उभी, हवा मोकळी.

(चेतकवाले म्हणतील आमच्याकडेही चोक होता. होता, पण त्यात चकती नव्हती, पेट्रोलची एक वेगळी बारीक वाट उघडायची. नाव तेच, काम तेच, जात वेगळी. आणि चोकने भागलं नाय की स्कूटर आडवी करायची, ते तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे.)

तर झालं असं की गेल्या हिवाळ्यापासून गाडी सुरू केली की काळा धूर. सकाळी काळा, दुपारी काळा, दादरपर्यंत जाऊन आली तरी काळा. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, वरूनच ओरडल्या, "भावोजी, डासांसाठी धुरी देताय काय? महानगरपालिकेचा माणूस तरी परवडला, तो सांगून येतो!" अख्खी चाळ हसली. अ‍ॅव्हरेज तर विचारूच नका, टाकीत ओतलं आणि सायलेन्सरमधून काढलं असा प्रकार. चौकात सिग्नलला उभी राहिली की इंजिन धापा टाकल्यासारखं भक् भक् करायचं आणि बाजूचे बाइकवाले नाक दाबून माझ्याकडे बघायचे.

पीयूसीला नेली. आमच्या गाडीच्या काळातल्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ३ टक्क्यांपर्यंत चालतो, हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत. आमचा सीओ आला साडेपाचच्या वर. तिथला पोरगा कागद पण न देता म्हणाला, "काका, भंगारात घाला, चार पैसे येतील." मग एका गॅरेजला नेली, तो बोलला कार्बोरेटर गेला, नवीन टाका, बारा हजार. दुसऱ्याकडे नेली, त्याने तर सायलेन्सरकडे नुसतं बघून सांगितलं पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. आता इथे मला तरी कळायला पाहिजे होतं. रिंगा गेल्या की ऑइल जळतं आणि ऑइलचा धूर निळसर असतो. काळा धूर म्हंजे न जळलेलं पेट्रोल. आणि सकाळी सकाळी दोन मिनिटं पांढरं येतं ती नुसती वाफ, त्याला घाबरायचं नाय. तीन रंग आहेत फक्त, पण मी पण हो हो करत मान हलवत होतो कारण समोरचा कपाळाला आठ्या घालून बोलत होता.

मग आमच्या भाच्याने मनावर घेतलं. पोरगा हुशार आहे, इंजिनीअरिंगला आहे, मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ काढला, जुन्या पिकअपचा चोक कसा अ‍ॅडजस्ट करायचा म्हणून. मस्त व्हिडिओ होता. त्यात कार्बोरेटरच्या बाजूला काळी गोल टोपी, तीन स्क्रू, टोपीवर एक रेघ आणि बाजूला बारीक खाचा. तीन स्क्रू ढिले करायचे, टोपी एक खाच फिरवायची, परत आवळायची, झालं. भाचा तासभर बोनेटमध्ये डोकं घालून बसला आणि शेवटी तोंड पाडून आला, "मामा, आपल्या गाडीला कंपनीने टोपीच दिली नाय!"

अरे कुठून देणार. तो ऑटोमॅटिक चोक. तिथे थंडी अशी की दर सकाळी चोक लागणार आणि लोक आत ढकलायला विसरणार, म्हणून त्यांनी टोपीच्या आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी गुंडाळून ठेवली. दोन धातू गरम झाले की सारखे फुगत नायत, त्यामुळे पट्टीचा पीळ सैल होतो आणि चकती आपोआप उघडते. गरम व्हायला इंजिनाची हवा नायतर पाणी नायतर विजेची छोटी कॉइल. टोपी फिरवली म्हंजे त्या पिळाचा ताण कमीजास्त केला, म्हंजे चोक लवकर सुटणार की उशिरा ते ठरवलं. चांगली गोष्ट आहे, पण आपल्याकडच्या जीपला असली चैन नव्हती. इकडे हात हाच ऑटोमॅटिक. आणि तसंही मुंबईत थंडी कुठे पडते, सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ डिग्री झालं होतं तो इथला रेकॉर्ड, आमच्या गाडीच्याही जन्माआधीचा. एरवी इथे डिसेंबर-जानेवारीत मिनिटभर चोक पुरतो आणि मे महिन्यात तर नॉबला हात नाय लावला तरी चालतं.

शेवटी तात्यांना हाक मारली. तात्या आमच्याच चाळीत तळमजल्याला राहतात, जन्मभर पद्मिनी टॅक्सींची कामं केली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत पासिंग झाली होती, वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली, आणि तात्या म्हणतात त्याच दिवशी मी खरा रिटायर झालो. आले ते लुंगीवर, एका हातात स्टूल आणि दुसऱ्यात एक स्क्रूड्रायव्हर. पक्कड माझीच घेतली.

गाडी रात्रभर उभी होती, इंजिन थंड होतं, ते त्यांनी आधी विचारून घेतलं. एअर क्लीनर काढून बाजूला ठेवला. कार्बोरेटरच्या तोंडात बॅटरी मारली आणि मला म्हणाले, "चोक आत ढकल."
"ढकललाय."
"पूर्ण?"
"पूर्ण, तात्या. आता डॅशबोर्डच्या पलीकडे जाईल."
"मग इकडे ये आणि बघ."

बघितलं तर चकती तिरकी. उभी नाय, तिरकी, कोणीतरी दार अर्धवट लोटून ठेवावं तशी, तोंडाचा जवळजवळ तिसरा भाग झाकलेला. तात्यांनी एका बोटाने चकती हलकेच उभी केली, बोट काढलं, परत खट् करून तिरकी. म्हंजे इतके महिने मी चोक आत ढकलत होतो आणि खाली चोक लागलेलाच होता! इंजिन गरम होऊनसुद्धा बिचारं अर्ध्या हवेवर आणि दुप्पट पेट्रोलवर चालत होतं. धूर नाय येणार तर काय उदबत्तीचा वास येणार?

कारण काय, तर मागच्या वर्षी चोकची तार तुटली होती आणि एका ठिकाणी ती बदलून घेतली होती. ज्याने बदलली त्याने नॉब पूर्ण आत असताना तार ओढून ताठ केली आणि तशीच स्क्रूखाली आवळली. ढील शून्य. त्यात तारेवरचं जे वेटोळ्यांचं कवच असतं, ते बाहेरून एका क्लिपमध्ये पकडलेलं असतं, ती क्लिप सैल, कवच अर्धा इंच सरकलेलं. कवच सरकलं की आतली तार तेवढीच आखूड पडते. आता ती चकती कधीच पूर्ण उघडणार नव्हती, नॉब तुम्ही कितीही आत कोंबा.

तात्यांनी काय केलं ते नीट सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी चकतीच्या दांडीवरचा स्क्रू ढिला करून तार मोकळी केली आणि तारेशिवाय चकती सहज फिरते का ते बघितलं. अडकत होती. मग दांडीच्या दोन्ही टोकांना पेट्रोलात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासलं, काळा चिकट थर निघाला, आणि चकती स्वतःच्या वजनाने पडायला लागली. मी ऑइलचा डबा आणला तर ओरडले, "ऑइल घालून काय लोणचं घालायचंय? धूळ चिकटेल, महिन्यात परत जाम." मग कवच मागे ओढून क्लिपमध्ये घट्ट बसवलं, टोक अगदी थोडं बाहेर ठेवून. वाटेत तारेला जिथे काटकोनात वाकवलं होतं तिथे मोठा गोल वळसा दिला, कारण काटकोनात तार घासते, अडकते आणि शेवटी तिथेच तुटते. मग मला नॉब पूर्ण आत ढकलायला लावला आणि लगेच दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढायला लावला, फक्त तेवढाच, आणि म्हणाले आता तसाच धरून बस, हलू नकोस. इकडे त्यांनी चकती बोटाने एकदम उभी धरली आणि तार स्क्रूखाली आवळली. ते दोन-तीन मिलिमीटर म्हंजेच सगळं काम. नॉब आत गेला की तेवढी ढील राहते आणि चकती उभी राहणार याची खात्री.

मग उलटी परीक्षा. नॉब पूर्ण बाहेर, चकती पूर्ण बंद झाली पाहिजे. झाली. नसती झाली तर थंडीत सेल्फ मारत बसा. तेव्हाच त्यांनी खालची कडी पण दाखवली. चोक ओढला की त्या कडीने खालची रेसची चकती पण केसभर उघडते, म्हणून थंड गाडी जरा जोरात चालते आणि बंद पडत नाय, आणि चोक आत गेला की ती कडी सुटायला पाहिजे, नायतर रेस वरच अडकते. आमची सुटत होती.

सगळ्यात वाईट गोष्ट मग निघाली. त्यांनी ऑइलची पट्टी बाहेर काढून माझ्या नाकाखाली धरली. पेट्रोलचा वास! जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरत होतं आणि ऑइल पाण्यासारखं पातळ. असंच अजून सहा महिने चालवलं असतं तर तो दुसरा गॅरेजवाला खरा ठरला असता, रिंगा खरंच गेल्या असत्या. ऑइल त्याच दिवशी बदललं. प्लग चारही काढले, काजळाच्या डब्यातून काढल्यासारखे, ब्रशने साफ करून परत लावले.

सुरू केली. थंड होती म्हणून चोक पूर्ण, दुसऱ्या सेल्फला लागली, अर्ध्या मिनिटाने निम्मा आत, मिनिटभराने पूर्ण आत. पंधरा मिनिटं चालू ठेवून गरम झाल्यावर तात्यांनी मिश्चरचा, म्हंजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत बंद करून दीड फेरा उघडला आणि मग कानाने, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, डोळे मिटून. आवाज गोल झाला तिथे सोडला. वर गॅलरीत बघितलं तर वहिनी उभ्या होत्या, काही बोलल्या नायत, म्हंजे पास.

पीयूसीला परत गेलो, त्याच सेंटरला, त्याच पोराकडे. सीओ १.८. तो मशीनवर टपल्या मारायला लागला, त्याला वाटलं मशीन बिघडलं. खर्च म्हणाल तर क्लिप वीस रुपये, ऑइल वेगळं, आणि तात्यांना वडापाव, तेही त्यांनी दोन खाल्ले आणि एक घरी नेला. कुठे ते बारा हजार!

आता त्या पत्रलेखकांना माझं म्हणणं एवढंच. धूर खरा आहे, तुमचा राग पण खरा आहे, पण गाडी जुनी म्हणून धूर येतो हे कोणी सांगितलं? एका तारेची ढील नव्हती म्हणून येत होता. अशा किती गाड्या असतील, स्क्रूड्रायव्हर न लावता भंगारात गेलेल्या. आणि पीयूसी सेंटरवाल्यांना, आणि त्यांच्या वरच्या आरटीओच्या साहेबांना एक विनंती आहे. नळी सायलेन्सरमध्ये घालण्याआधी एक वाक्य विचारायला लावा: "गाडी गरम आहे का आणि चोक आत आहे का?" आणि जमलं तर फिल्टर उचलून चकती उभी आहे का तेवढं बघा. नापास करताना कागदावर नुसता आकडा येतो, सीओ जास्त म्हंजे पेट्रोल जास्त जातंय नायतर हवा कमी पडतेय, हे कोणी सांगत नाय.

पोरांना पण दोष देत नाय मी. चारचाकीतला कार्बोरेटर २००० सालाच्या आसपास जायला लागला, दुचाकीतला एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-सिक्स नियम आल्यावर बहुतेक गेला. आज गॅरेजला लागलेल्या पोराने चोक बघितलेलाच नसतो, त्याला लॅपटॉप जोडायची सवय, आणि आमच्या जीपला लॅपटॉप जोडायचा कुठे, रेडिएटरला?

अजून एक, हल्ली नवीनच बघतोय. पंपावर आता ई-२० मिळतं, वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर, म्हंजे पेट्रोल सोडणाऱ्या त्याच बारीक भोकावर, जुना कार्बोरेटर जरा सुका चालतो, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी वेग घेताना झटका देते. मग लोक काय करतात, तर चोक बोटभर बाहेर ठेवून गाडी चालवतात, की झटका जातो. जातो, पण तो चौकात काळा होऊन बाहेर येतो. झटका येत असेल तर जेट एक नंबर मोठा बघा, रबरी पाइप तपासा, कारण इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि पाणीही ओढून घेतं, गाडी महिना महिना उभी राहणार असेल तर टाकीत जास्त साठवू नका. पण चोकने मिश्चर भरून काढू नका. चोक हा सकाळचा एक मिनिटाचा पाहुणा, त्याला जेवायला थांबवायचं नाय, हे तात्यांचं वाक्य, माझं नाय.

एक काम मात्र अजून राहिलंय. चोकचा मूळ नॉब तार तुटली तेव्हाच हरवला, त्याच्या जागी सध्या वडलांच्या भजनी मंडळाच्या जुन्या पेटीचा स्टॉपर बसवलाय, अगदी फिट बसला. तात्या आल्यागेल्याला सांगतात की याची गाडी काळी दोनमध्ये सुरू होते. मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन चकरा मारल्या, चोर बाजारही पालथा घातला, नाय मिळाला. काळा, गोल, मधोमध पांढऱ्या रंगात सी अक्षर असलेला. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर पडून असेल तर पेपरच्या ऑफिसात चिठ्ठी टाकावी, मी येऊन घेऊन जाईन, पैसे देऊन. स्टॉपर मला पेटीला परत लावायचाय, गोकुळाष्टमी जवळ आली.

आपला,
एक जुना वाचक
लालबाग, मुंबई